भाऊजींचे कान

धाकटीला पक्ष्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. ती दातांची डॉक्टर. चौकातल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिचा दवाखाना होता आणि आठवड्यातला एकुलता एक मोकळा दिवस ती उशिरा उठण्यासाठी राखून ठेवायची. धाकटी हे घरातलं नाव. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी ते चिकटलं ते चिकटलंच. अशी ही बाई थंडी सरत आलेल्या एका रविवारी, उजाडायच्या आत, गळ्यात उसनी दुर्बीण अडकवून मिनीबसच्या पायरीवर उभी होती, ती केवळ भाचीच्या शब्दाखातर.

भाची परगावी नोकरीला. तिने फोनवर गळच घातली होती.

"मावशी, आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदाच ट्रिप नेतायत. तू जाशील का बरोबर?"

"मी तिथे काय करू? चिमणी आणि कावळा, संपली माझी ओळख."

"काही करू नकोस. नुसती बस त्यांच्याजवळ."

ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षभरात धाकटी भाऊजींकडे किती वेळा गेली असेल, हे विचारलं असतं तर तिला ओशाळायला झालं असतं. म्हणून ती हो म्हणाली.

भाऊजी बसच्या दारात उभे राहून प्रत्येकाला आत घेत होते. नोकरीत असताना ते सरकारी कचेरीत किनारपट्टीचे नकाशे काढायचे. कुठे खडक, कुठे गाळ, भरतीचं पाणी कुठवर चढतं, हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पक्षी बघणाऱ्यांचं मंडळ त्यांनी नोकरीत असतानाच सुरू केलं आणि निवृत्त झाल्यावर त्यात अगदी गळ्यापर्यंत बुडाले. माणूस सरळ, पण बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायला सुद्धा फट मिळू नये. ताई होती तेव्हा ती त्यांच्या मागून दोन पावलांवर, खांद्याला पिशवी, हातात चहाचा थर्मास, तोंड मिटलेलं. लग्न ठरलं तेव्हापासून धाकटीचं या बाबतीत मत पक्कं होतं: ताईचा जन्म या माणसाच्या पिशव्या उचलण्यात गेला. एकदा तिने ते ताईला तोंडावर सांगितलंही होतं. ताई हसली होती. "तुला काय कळतंय," एवढंच म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

"ये धाकटे," भाऊजी म्हणाले. "पुढे बस, माझ्याजवळ. पुढून सगळं दिसतं."

ती जागा अर्थातच ताईची होती. बसमधल्या जुन्या मंडळींनी ती मोकळी सोडली होती हे धाकटीच्या लक्षात आलं. ती बसली. मागच्या बाकावर एक उंच, बारीक बाई होत्या. कोर्टात न्यायाधीशांचं बोलणं टिपण्यात त्यांची नोकरी गेली, म्हणून मंडळात त्यांना स्टेनोबाई म्हणत. त्यांच्या शेजारी औषधांच्या दुकानाचे मालक होते, त्यांना सगळे औषधवाले म्हणत. ते गुडघ्याला पट्टा बांधून आले होते आणि प्रत्येक खड्ड्याला हळूच हुं करत होते. बाकी आठ-दहा जण होते. बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. टोप्या, मफलर, जाड तळाचे बूट.

वाटेत भाऊजी बोलत राहिले. थंडी संपते तेव्हा हे पक्षी उत्तरेला परत निघतात, निघण्याआधी चिखलातले किडे खाऊन अंगावर चरबी चढवतात, काही तर वजनाने दुप्पट होतात, आणि मग एक दिवस सगळा थवा उठतो. धाकटी हं, हं करत होती. पेशंटच्या तोंडात कापूस असताना तेही असंच हं हं करतात, असं तिच्या मनात येऊन गेलं.

खाडीच्या तोंडाशी पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं. एका बाजूला दगडमातीचा लांब बांध, बांधाच्या अलीकडे गोड्या पाण्याची तळी आणि माणसाच्या डोक्यावर जाणारं बोरूचं रान. पलीकडे ओहोटीने उघडा पडलेला चिखल, थेट समुद्रापर्यंत. काठावरच्या काटकुळ्या झुडपांना नुकतेच कोंब फुटले होते. बांधाच्या टोकाला पाण्याची झडप आणि राखणदाराची टपरी. चिखलाचा वास नाकात घुसला तशी धाकटीने मफलर वर ओढला.

पहिला तास बरा गेला. भाऊजींनी तिवईवर मोठी दुर्बीण उभी केली आणि एकेकाला बोलावून दाखवायला लागले. लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या, खाली वाकलेल्या लांब चोचीचा कोरल, चिखलावर पळता पळता एकदम थबकणारा चिखल्या. नजर मात्र त्यांची घारीची होती. लांबवरच्या ठिपक्याकडे बघून ते नाव सांगत आणि मग दुर्बिणीतून बघावं तर खरोखर तेच. धाकटीने कोरल पाहिला. त्याची चोच बघून तिला दाढेच्या मुळाशी जाणारं एक हत्यार आठवलं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

मग सगळे बोरूच्या कडेला गेले. तिथे बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. आत वटवट्या असतो, औषधवाल्यांनी तिच्या कानाशी सांगितलं, तो दिसत नाही, फक्त बोलतो. नाव ऐकून धाकटीला भाऊजीच आठवले.

मंडळी उभी राहिली. कुणी खाकरलं सुद्धा नाही. थोड्या वेळाने बोरूच्या आतून आवाज आला, बारीक, खरखरीत, घाईघाईचा, मधेच शिटीसारखा वर चढणारा. धाकटीला तो लख्ख ऐकू आला. सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी बोरूकडे बघत होते. चेहऱ्यावर तीच उत्सुकता, जी आवाज यायच्या आधी होती.

आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, डावीकडे सरकला. भाऊजी उजवीकडे बघत होते. मग त्यांनी मान किंचित वळवून धाकटीकडे पाहिलं, जणू ती काही देणार आहे आणि विसरली आहे. धाकटी कोरी.

"वटवट्याच ना?" औषधवाल्यांनी हळूच विचारलं.

भाऊजींनी मान डोलावली. जरा जास्तच डोलावली. "वारा आहे," ते म्हणाले. "वाऱ्यात नीट लागत नाही."

बोरूचं एक पातं हलत नव्हतं.

धाकटीने ती मान ओळखली. तोंडावर मास्क लावून ती म्हाताऱ्या पेशंटना काही विचारते, दुखतंय का, गार लागतंय का, तेव्हा ज्यांना ऐकू येत नाही ते असेच मान डोलावतात. हो म्हणून सुटका करून घेतात. तिने अशा माना हजारो पाहिल्या होत्या. नवल एवढंच वाटलं, की बसमध्ये माणसांचं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं. म्हणजे जाड आवाज लागतात, बारीक लागत नाहीत. वयाने होतं तसं. तिने ते मनात नोंदवलं, जसा एखादा किडका दात नोंदवावा, आणि पुढे चालू लागली.

नंतर भाऊजींचा नूर बदलला. बोलणं वाढलं, पण बोलणं माणसांशी नव्हतं, हवेशी होतं. बांधावर बसून सगळ्यांनी ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली, तेव्हा ते उभ्यानेच खात होते आणि डोळ्याला दुर्बीण होती. एकाएकी त्यांनी हात वर केला.

"तो बघा. पलीकडच्या दांड्यावर. तुतवारांचा थवा. आणि त्यात काहीतरी वेगळं आहे."

चिखलाच्या पलीकडे वाळूचा एक लांबट उंचवटा होता. त्याच्या टोकाला काहीतरी राखाडी हलत होतं. मधे एक ओहळ, घोट्याएवढं पाणी.

"मी जवळून बघून येतो. तुम्ही कुणी बांध सोडायचा नाही."

"पाणी फिरलंय, साहेब," स्टेनोबाई म्हणाल्या.

"भरतीचं मला सांगता?" भाऊजी हसले. "अजून बराच अवकाश आहे. हा किनारा माझ्या हाताखालून गेलाय."

तिवई खांद्यावर टाकून ते उतरले. ओहळ ओलांडला, दांड्यावर चढले, टोकापर्यंत गेले आणि समुद्राकडे तोंड करून दुर्बिणीला डोळा लावला. इथवर ठीक होतं. पण दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसाला वेळ कळत नाही, आणि भाऊजींना तर त्या दिवशी काहीतरी सापडायलाच हवं होतं. पाणी समोरून आलं असतं तर त्यांना दिसलं असतं. ते मागून आलं. खाडीच्या तोंडातून वळसा घालून ते ओहळात शिरलं, आणि बांधावरून बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत ओहळ रुंद झाला.

झडपेजवळचा राखणदार टपरीतून बाहेर आला आणि शिट्टी फुंकू लागला. कान किटतील अशी बारीक, टोकदार शिट्टी. भाऊजी हलले नाहीत. मंडळी ओरडू लागली, हात हलवू लागली. पण समुद्रावरून येणारं वारं आता खरोखरच सुटलं होतं, ते तोंडातले शब्द मागे ढकलत होतं, आणि भाऊजींची पाठ होती.

"ते ऐकत का नाहीत?" एक नवा सभासद म्हणाला.

 स्टेनोबाईंनी खाली पाहिलं.

औषधवाले पट्टा सावरत उतरायला लागले. धाकटीने त्यांना दंडाला धरून मागे घेतलं. तिला पोहता येत होतं, उंचीही होती, आणि मुख्य म्हणजे ती आता इथे नुसती बसायला आली नव्हती. तिने घड्याळ आणि फोन स्टेनोबाईंच्या हातात दिला.

"डॉक्टर, राखणदार होडी आणतोय," स्टेनोबाई म्हणाल्या.

"आणू दे," म्हणून ती उतरली.

पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि अंग गारठवणारं. खालचा चिखल बूट धरून ठेवत होता. मधोमध पोचल्यावर पाणी मांडीला लागलं आणि एका बाजूला ओढायला लागलं. डावा बूट चिखलानेच ठेवून घेतला. ती तशीच पुढे गेली. भीती वाटत होती का, हे तिला नंतर अनेकांनी विचारलं. वाटत होती, पण त्याहून जास्त तिला राग आला होता, आणि नेमका कुणाचा ते ठरवायला वेळ नव्हता.

दांड्यावर चढून ती एका बुटावर लंगडत भाऊजींच्या मागे गेली. धाप लागली होती. ओरडायला दम नव्हता. तिने त्यांच्या कोपराला हात लावला.

भाऊजी दचकले नाहीत. दुर्बिणीवरचा डोळाही काढला नाही. हळू, घरगुती, तिने त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात ते म्हणाले, "हं. कुठल्या बाजूला गं?"



"मागच्या बाजूला," ती म्हणाली. "समुद्र."

ते वळले. आधी त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पाण्याआधी त्यांना ती ताई नाही हेच दिसलं, हे तिला स्पष्ट कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते खाली उतरायला वेळ लागला. मग त्यांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. नकाशे काढणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही.

"चल," ते म्हणाले. "माझा पट्टा धर. सरळ नको, तिरकं जायचं. ओढीच्या दिशेने."

ओहळात पाणी कमरेला आलं. भाऊजी तिवई काठीसारखी पुढे टेकत होते, तिच्यावरून काढलेली दुर्बीण वर धरलेली. मधे त्यांचा पाय गेला. ते एका अंगावर पडले, तोंडात पाणी गेलं, आणि तरी हात वरच, दुर्बीण कोरडी. धाकटी पट्ट्याला लटकलेली.

"सोडा ते," ती म्हणाली.

"अगं, तिने..."

"भाऊजी, सोडा म्हणते ना."

त्यांनी सोडली. दोन्ही हातांनी तिवईला धरल्यावर ते उभे राहू शकले. तोवर राखणदाराची चपटी होडी आली आणि तिच्या कडेला धरून दोघं बांधाला लागली. वर औषधवाल्यांनी आणि ड्रायव्हरने एकेकाला ओढून घेतलं.

राखणदार तापलेला होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. "मघापासून शिट्टी फुंकतोय. छाती फुटायची वेळ आली. लांबच्या माणसाला ऐकू येते ती, तुम्हाला येत नाही? बहिरे आहात का काय?"

भाऊजींच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं. त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

"हो," ते म्हणाले.

राखणदाराचा आवाज खाली आला. औषधवाले आपल्या बुटांकडे बघू लागले. कुणीतरी मफलर पुढे केला. धाकटी सगळ्यांचे चेहरे बघत होती. कामाची सवय, तोंड उघडायच्या आधी ती चेहरा बघते. नव्या सभासदाला सोडलं, तर एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. भाऊजींनीही ते पाहिलं. पाण्यात पडले तेव्हा नव्हते इतके ते त्या क्षणी खचल्यासारखे दिसले.

टपरीत राखणदाराने शेगडी पेटवून दिली. भाऊजी ड्रायव्हरची जास्तीची पँट घालून आत बसले. ती त्यांच्या घोट्याच्या वरच संपत होती. धाकटी बाहेर बाकावर, अंगावर स्टेनोबाईंची शाल आणि पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला. स्टेनोबाई चहाचा कप घेऊन तिच्याजवळ बसल्या.

"तुम्ही त्यांच्या कोपराला हात लावलात ना? इथून दिसलं."

"ओरडायला दम नव्हता."

"तुमच्या ताई असंच करायच्या." स्टेनोबाई कपात बघून बोलत होत्या. "एक बोट म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, असं काहीतरी होतं त्यांचं. मग मान खाली घालून नाव सांगायच्या, ओठही हलायचे नाहीत. आणि हे वळून सगळ्यांना सांगायचे, ऐका, वटवट्या. कितीतरी वर्षं."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"जुन्यांना सगळ्यांना. मी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत शब्द टिपले, मला नाही कळणार? पण बोललं कुणीच नाही. त्यांना वाटायचं आपलं झाकलेलं आहे. राहू दे झाकलेलं, म्हटलं. कुणाचं काय बिघडत होतं?"

"ताईला पक्ष्यांचा नाद कधीपासून?" धाकटीने विचारलं. "आमच्या घरी तर ती सगळ्यात उशिरा उठणारी."

"नाद होता की नाही, ते कुणाला ठाऊक. कान होता. असला कान मी पाहिला नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, अहो, पुढे होऊन तुम्हीच सांगा की. तर म्हणाल्या, ते बोलतात म्हणून मला गप्प राहता येतं." स्टेनोबाईंनी चहा संपवला. "खरं असेल. किंवा मला गप्प करायला म्हणाल्या असतील."

परतीच्या वाटेवर बसमध्ये बरेच जण झोपले, काही जण झोपल्यासारखे दिसत होते. धाकटी पुन्हा भाऊजींशेजारी. ते खिडकीबाहेर बघत होते.  या माणसाशेजारी इतकी शांतता तिने कधी अनुभवली नव्हती, आणि ती तिला सोसवेना.

"कधीपासून?" तिने विचारलं. पेशंटला विचारते त्याच आवाजात.

त्यांनी टाळलं नाही. "पोरगी शाळेत होती तेव्हापासून. गॅलरीत बसलो होतो. तुझी ताई म्हणाली, काय सुंदर गातोय बघा. मी म्हटलं, कोण? तिला वाटलं मी चेष्टा करतोय." "मी कुणाला सांगू नकोस म्हटलं. मंडळ नुकतं सुरू झालं होतं. तिने सांगितलं नाही. उलट कॅसेटी आणल्या, स्वयंपाक करता करता आवाज पाठ केले. मला म्हणाली, तुम्ही बघा, मी ऐकते."

"तिला आवडायचं का पण?"

प्रश्न तिने विचारला तेव्हा तिला वाटलं, आता भाऊजी आवडायचं तर, म्हणून तोंडाचा पट्टा सुरू करतील. त्यांनी तसं केलं नाही.

"मी विचारलं नाही," ते म्हणाले. "पहाटे उठायचा कंटाळा करायची. पण एकदा मला ताप होता, ट्रिप रद्द करू म्हटलं, तर एकटी गेली. आली ती दिवसभर बोलत होती. ती, दिवसभर. मी पडल्या पडल्या ऐकत होतो." त्यांनी खिडकीची काच बोटाने पुसली. "ती दुर्बीण तिने दिलेली होती."

 दुर्बीण सोडायला लावल्याचं धाकटीला वाईट वाटलं नाही. तरी तिने एवढं म्हटलं, "ओहोटीला राखणदार बघतो म्हणालाय."

"गाळात गेलेली वस्तू तिथे राहत नाही," भाऊजी म्हणाले. "मला विचार."

गाव जवळ आलं, तसे ते उठून उभे राहिले, बाकाच्या पाठीला धरून. पँट आखूड, केस वाळलेल्या चिखलाने ताठ. झोपलेले जागे झाले, झोपल्यासारखे दिसणारे आणखी लवकर जागे झाले.

"आज माझ्यामुळे एका माणसाचा जीव धोक्यात आला," भाऊजी म्हणाले. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तुम्हाला ते ठाऊक होतं असं दिसतंय. मला सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, पण मी ऐकलं नसतं, तेही खरं. पुढच्या ट्रिपा स्टेनोबाई नेतील. त्यांची तयारी असेल तर."

"माझी तयारी आहे," स्टेनोबाई म्हणाल्या. "तुम्ही यायचं. दूरचं तुमच्याएवढं कुणाला दिसत नाही."

"मला गुडघ्यासाठी पुढची सीट हवी," औषधवाले म्हणाले. कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी, आणि भाऊजी खाली बसले.

दुर्बीण सापडली नाही.

पुढच्या आठवड्यात धाकटीने दुपारचे पेशंट पुढे ढकलले आणि भाऊजींना कान तपासायला घेऊन गेली. ते येतो येतो म्हणत टाळतील म्हणून तिने थेट रिक्षा दारात उभी केली. तपासणीची खोली कपाटाएवढी होती, भिंतींना करडा मऊ थर, जाड दार, दाराला काच. भाऊजी आत खुर्चीवर बसले, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर यंत्राशी एक तरुण मुलगी होती. मुलगी एकेक खटका फिरवत होती आणि आतून बटण दाबलं जाऊन यंत्रावर दिवा लागत होता. आश्चर्य म्हणजे दिवा प्रत्येक वेळी लागत होता.

धाकटीने काचेतून पाहिलं. भाऊजींची ती घारीची नजर मुलीच्या हातावर होती. हात खटक्याकडे गेला की ते बटण दाबत होते.

तिने काचेवर टकटक केलं. ते चपापले.

"खुर्ची फिरवा त्यांची," धाकटी मुलीला म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून बसवा. नाहीतर हे सगळ्यात पास होतील."

खुर्ची फिरवल्यावर दिवा बराच वेळ लागला नाही. मुलगी खटके फिरवत राहिली. धाकटीला भाऊजींची फक्त पाठ दिसत होती, ताठ, मान किंचित पुढे, बटणावर अंगठा तयार. मुलीने आवाज वाढवला, आणखी वाढवला, मग ती पट्टी सोडून जाड आवाजांकडे आली, आणि दिवा लागला. धाकटीला वाटलं त्याहून हायसं वाटलं.

बाहेर आल्यावर मुलीने कागदावरचा उतरता आलेख दाखवला. यंत्र लावलं तर बराच फरक पडेल, पण सगळं परत येईल असं नाही, फार वरचे आवाज कदाचित येणारच नाहीत. भाऊजींनी आलेख हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा कडा बघ," ते धाकटीला म्हणाले. "इथून एकदम खोल पाणी." मग मुलीकडे वळून त्यांनी यंत्राची बॅटरी किती टिकते, पाण्यात पडलं तर काय होतं, वाऱ्यात कितपत चालतं, असे प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलगी उत्तरं देऊ लागली. तिला ठाऊक नव्हतं ती कशात सापडली आहे.

बोलता बोलता मुलीने धाकटीला विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

"दातांची डॉक्टर आहे."

"मग तुम्हीही बसून घ्या. दिवसभर ड्रिलच्या आवाजात काम तुमचं. आता कुणी नंबरला नाहीये."

धाकटी नको म्हणणार होती. भाऊजींनी तिच्या हातातली पर्स घेतली आणि मांडीवर ठेवून बाकावर बसले. ती आत गेली. दार बंद झालं तशी बाहेरची रहदारी, पंखा, भाऊजी, सगळं एकदम थांबलं. इतकं, की तिला स्वतःच्या घशातला आवंढा ऐकू आला. मुलीने खुणेने विचारलं, तयार? धाकटीने आपणहून खुर्ची भिंतीकडे वळवली, बटण हातात धरलं आणि ऐकू लागली.